मिल रोडचं पाणी कुठे मुरलं

"अगं, ही हातोडी घेऊन काय करतेयस तू?"

आश्लेषाने मान वर केली. शाळेच्या मैदानावर गुडघे टेकून ती हातभर लांबीच्या स्टीलच्या सळया एका ओळीत ठोकत होती. कुंपणापलीकडच्या गल्लीत डॉ. सुलक्षणा उभ्या होत्या. पायात चिखलाने माखलेले रबरी वेलिंग्टन बूट, हातात मेथीची जुडी, आणि चेहऱ्यावर लहान मुलांना "आ कर" म्हणतानाचा तो जुना भाव.

"काकू! आतमध्ये जमीन कसा आहे ते बघतेय."

"कशी आहे," काकू सवयीने म्हणाल्या. "आणि ते खिळे ठोकून कळतं?"

"खिळ्यातून थोडा करंट सोडायचा. चिकणमातीतून तो पटकन जातो, गोट्यांतून अडखळत जातो. मग कॉम्प्युटर चित्र काढतो."

"बघ बाई. शॉक लागून घेऊ नकोस," म्हणत काकू आपल्या भाजीच्या वाफ्यांकडे निघून गेल्या.

हॉलोफील्ड हे इंग्लंडमधल्या वॉटफर्डच्या बाजूचं लहानसं गाव. इथल्या हॉस्पिटलात सुलक्षणाकाकूंनी उभी हयात लहान मुलांवर उपचार केले, आणि दर रविवारी मिल रोडच्या खालच्या टोकाला असलेल्या कम्युनिटी हॉलमध्ये मराठीचा वर्ग घेतला. आश्लेषा त्या दोन्हीकडची. लहानपणी तिच्या दम्याची औषधं काकूंची, आणि मराठीच्या वहीतल्या लाल रेघाही काकूंच्याच. बाकी सगळं जमलं, पण लिंग-वचनाने तिला शेवटपर्यंत दाद दिली नाही. आता ती स्लाऊमधल्या एका छोट्या फर्ममध्ये जिओफिजिसिस्ट होती. जमीन न खणता तिच्या पोटात काय आहे ते शोधायचं, हे तिचं काम.

या वेळी काम आलं होतं ते तिच्याच गावात. मिल रोड उताराचा रस्ता. वरच्या अंगाला नवी घरं झाली, पुढच्या बागा काढून लोकांनी गाड्यांसाठी फरशा घातल्या, आणि पूर्वी जमिनीत जिरणारं पाणी रस्त्यावर आलं. रस्त्याखालचा जुना विटांचा नाला त्याला पुरेना. गेल्या चार वर्षांत तीनदा असं झालं की उन्हाळ्यात तासभर जोराचा पाऊस कोसळला आणि खालच्या टोकाला गुडघाभर पाणी साचलं. शाळेचं स्वयंपाकघर, फार्मसी, कम्युनिटी हॉल, सगळं भिजलं. मोठे पाइप टाकून ते पाणी नदीत सोडलं असतं तर पूर फक्त पुढच्या गावात गेला असता. म्हणून कौन्सिलची ड्रेनेज इंजिनियर फियोना कार्टराइट हिने वेगळी योजना केली. रस्त्याच्या कडेने गवत आणि झुडपं लावलेले उथळ चर करायचे, पाणी त्यांतून गाळून शाळेच्या मैदानाखालच्या एका मोठ्या खड्ड्यात न्यायचं, आणि तिथून ते सावकाश जमिनीत जिरू द्यायचं. चाचणीसाठी मैदानात खणलेल्या छोट्या खड्ड्यातलं पाणी बघता बघता नाहीसं झालं होतं. शाळेला सुट्टी लागली की खोदकाम सुरू, असं ठरलंही होतं. सर्व्हे म्हणजे केवळ शेवटची खात्री.

संध्याकाळी व्हॅनमध्ये बसून आश्लेषा आणि तिचा सहकारी ओवेन यांनी लॅपटॉपवर पहिलं चित्र उघडलं. जमिनीचा उभा काप. वरती मातीचा पातळ थर, खाली हर्टफर्डशायरचा तो पांढरा, मऊ खडूचा दगड. आणि मैदानाच्या मधोमध, शाळेच्या जेवणाच्या हॉलपासून थोड्याच अंतरावर, नरसाळ्याच्या आकाराचा एक गडद निळा डाग. वर रुंद, खाली निमुळता, दगडात खोल गेलेला.

निळा म्हणजे चिकणमाती, आणि तिथे दगड असायला हवा होता.

"एक सळई नीट बसली नसेल," ओवेन म्हणाला.

"उद्या आडवी लाइन घेऊ."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आडवी लाइन घेतली. मग तिरकी. प्रत्येक वेळी नरसाळं तिथेच होतं. खडूचा दगड पाण्यात विरघळतो. हजारो वर्षं पाणी झिरपून त्यात खोल खळगा झाला होता आणि तो मऊ चिकणमातीने भरला होता. चाचणीतलं पाणी इतक्या झपाट्याने जिरलं, याचा तिला लागलेला अर्थ वेगळाच होता. चिकणमातीतून पाणी कधी झपाट्याने जात नाही. याचा अर्थ त्या मातीखाली कुठेतरी पोकळी होती, आणि पाणी भेगांतून तिथे पळत होतं. अख्ख्या रस्त्याचं पाणी दर पावसात तिथे सोडलं, तर ते हळूहळू ती माती धुऊन नेणार, आणि एखाद्या दिवशी वरचं मैदान खाली बसणार. कदाचित शाळेच्या भिंतीसकट.

तिने फियोनाला फोन केला. फियोना अर्ध्या तासात येऊन व्हॅनमध्ये बसली. तिने चित्र पाहिलं, आश्लेषाचं म्हणणं ऐकलं आणि डोळे मिटून घेतले.

"आश्लेषा, गेली तीन वर्षं मी या एका योजनेमागे आहे. सुट्टीत काम झालं नाही तर पुढचा उन्हाळा उजाडेल. म्हणजे अजून एक वर्ष तिथली माणसं वाळूच्या गोण्या रचत बसणार."

"मला कळतंय. पण इथे पाणी सोडणं धोक्याचं आहे."

"मग कुठे सोडू? 'इथे नाही' हे उत्तर मला पुरत नाही. 'तिथे' असं काहीतरी सांग."

आश्लेषाने दुसरं चित्र उघडलं. गल्लीच्या कडेने सहज म्हणून घेतलेली लाइन होती ती. तिच्या टोकाला, गल्लीपलीकडे, लाल रंगाचा जाड पट्टा सुरू होत होता. "हे गोटे आणि जाड वाळू दिसतेय. जुन्या प्रवाहाचं पात्र असावं. खालचा दगडही धड आहे. पाणी इथे पसरून, सावकाश जिरेल."

फियोनाने त्या टोकाकडे खिडकीतून पाहिलं आणि ती हसली, पण ते हसू काही आनंदाचं नव्हतं. तिथे अलॉटमेंट्स होत्या, कौन्सिलने भाजीपाल्यासाठी लोकांना भाड्याने दिलेले जमिनीचे तुकडे. "तिथली सेक्रेटरी कोण आहे माहीत आहे तुला?"

आश्लेषाला चांगलंच माहीत होतं.

*

मीटिंग कम्युनिटी हॉलमध्ये झाली. भिंतींवर गेल्या पुराची तपकिरी रेघ अजून दिसत होती. हॉल भरून मागेही माणसं उभी होती. फियोनाने योजना का बदलावी लागतेय ते सांगितलं, आणि अलॉटमेंट्सचं नाव निघताच गलका झाला. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी त्यांच्या सफरचंदाच्या झाडांचं वय सांगितलं. कुणी विचारलं, रंगीत चित्रांवरून गावाची जमीन खणायची का? फार्मसीवाली दिया उठून म्हणाली, "कुठेही खणा, फक्त लवकर खणा! माझी औषधं तीनदा वाहून गेलीत." त्यावर आणखी आरडाओरडा झाला.

मग अलॉटमेंटच्या सेक्रेटरी, सुलक्षणाकाकू, उभ्या राहिल्या. हॉल आपोआप शांत झाला. त्यातल्या निम्म्या लोकांना लहानपणी त्यांनीच इंजेक्शनं दिली होती.

"मला एकच प्रश्न विचारायचाय," त्या इंग्रजीत म्हणाल्या. आश्लेषाकडे पाहताना त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीची एक रेघही नव्हती. "मी आयुष्यभर स्कॅन पाहिले. ते पुष्कळदा चुकतात. तुमचं हे मशीन कितीदा चुकतं?"

"चुकू शकतं," आश्लेषा म्हणाली. मागच्या रांगेत कुणीतरी "बघा!" असं ओरडलं. ती थांबली नाही. "मशीन फक्त वीज मोजतं. त्याचा अर्थ मी लावलाय, आणि तो चुकीचा असू शकतो. म्हणून माझ्यावर विश्वास ठेवा असं मी म्हणतच नाही. ड्रिल करून बघा. एक भोक शाळेच्या मैदानात, जिथे मी धोका सांगतेय. दुसरं अलॉटमेंटमध्ये. मी चुकले असले, तर याच हॉलमध्ये येऊन तसं सांगेन आणि रिपोर्ट मागे घेईन."

"आणि बरोबर असलात तर?"

"तर शाळेच्या भिंतीजवळ पाणी सोडू नका. एवढंच."

काकूंनी चष्मा काढून पुसला.

"ठीक आहे. ड्रिल करा. अलॉटमेंटमधलं भोक माझ्या तुकड्यात पाडा. दुसऱ्या कुणाच्या नाही. सगळ्यांनी बघायला या. निघेल ते आपल्या डोळ्यांनी बघू."

बाहेर पडताना आश्लेषा त्यांना गाठायला धावली. "काकू, तुम्ही रागावलात?"

"रागावले तर आहेच. माझ्या रास्पबेरी उपटणार तू." त्या मराठीत म्हणाल्या. "पण 'चुकू शकते' असं सगळ्यांसमोर म्हणायला धीर लागतो. माझ्या कितीतरी ज्युनियर डॉक्टरांना ते कधी जमलं नाही."

*

ड्रिलिंगच्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. शाळेच्या कुंपणाला टेकून पन्नासेक माणसं उभी होती. काकू फोल्डिंगची खुर्ची घेऊन सगळ्यांत पुढे बसल्या होत्या. आश्लेषाने जिथे पिवळा झेंडा रोवला होता, तिथे ड्रिलरने मशीन उभं केलं. ओवेन तिच्या शेजारी उभा होता. "काहीही निघालं तरी तू केलंस ते बरोबरच होतं," तो पुटपुटला. आश्लेषाला ते ऐकू आलं नाही. तिचं सगळं लक्ष ड्रिलच्या सळईकडे होतं.

सळई खाली जाऊ लागली. आधी माती, मग तपकिरी चिकणमाती. ड्रिलर नमुने काढून ओळीने मांडत होता. चिकणमाती, पुन्हा चिकणमाती. अजून दगड नव्हता. मैदानाच्या दुसऱ्या कडेला दगड केव्हाच लागायला हवा होता. फियोनाने आश्लेषाकडे पाहिलं.

आणि एकदम, खालून कुणी हिसका द्यावा तशी सळई खाली गेली. मशीन दचकून हललं. ड्रिलरने झटक्यात ते बंद केलं.

"खाली काहीच नाहीये," तो म्हणाला. "माणूस उभा राहील एवढी पोकळी आहे."

कुंपणापाशी एक आई हळूच म्हणाली, "माझी मुलगी तिथेच डबा खाते," आणि सगळ्यांनी एकदमच जेवणाच्या हॉलच्या भिंतीकडे पाहिलं. फियोनाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "मी तिथे पाणी सोडणार होते," ती म्हणाली. "याच महिन्यात."

आश्लेषाने तिचा दंड घट्ट धरला. "सोडलं नाहीस ना. तू सर्व्हे मागवलास, म्हणून हे कळलं."

काकू खुर्चीवरून उठल्या. त्यांनी खुर्चीची घडी घातली. "चला," त्या मोठ्याने म्हणाल्या, "आता माझ्याकडे."

सगळा जमाव गल्ली ओलांडून अलॉटमेंटमध्ये शिरला. काकूंच्या तुकड्यात, रास्पबेरीच्या रांगेजवळ, ड्रिल पुन्हा सुरू झालं. यावेळी सळई खरखरत गेली. नमुन्याच्या नळीतून गोल, घासून गुळगुळीत झालेले गोटे आणि पिवळसर जाड वाळू निघाली. नंतरही तेच. बऱ्याच खाली गेल्यावर खडूचा दगड लागला, पण धड, घट्ट. मग त्या भोकात पाणी ओतलं. मैदानातल्यासारखं ते गायब झालं नाही. सगळ्यांच्या देखत, एका संथ गतीने ते खाली उतरत राहिलं. फियोना घड्याळ लावून आकडे टिपत होती, आणि दर आकड्यागणिक तिचा चेहरा उजळत होता.

ओवेनने मूठ उंचावली. "लाल पट्टा!" तो ओरडला, आणि आश्लेषा मोठ्याने हसली. कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच.

काकूंनी एक गोटा उचलून हातात फिरवला. "इतकी वर्षं इथे भाजी लावतेय. पाणी घालावं तेवढं पिऊन टाकायची ही जमीन. मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय." त्यांनी आश्लेषाकडे पाहिलं. "आता खरं सांग. किती लोकांचे तुकडे जाणार?"

"एकाचाही पूर्ण नाही." आश्लेषाने लॅपटॉप उघडून चाकगाडीवर ठेवला. मीटिंगनंतरच्या आठवड्यात तिने आणि ओवेनने अलॉटमेंटच्या सगळ्या वाटांवर लाइन्स घेतल्या होत्या. "हे बघा. गोट्यांचा पट्टा असा वळतो. मधल्या मोठ्या वाटेखालून जातो आणि मागच्या पडक्या गॅरेजेसच्या खाली संपतो. वाटेखाली चर, आणि मोठा खड्डा त्या गॅरेजच्या जागेवर. सफरचंदाची झाडं राहतात. फक्त..."

"फक्त काय?"

"वाट थोडी रुंद करावी लागेल. तुमचा रास्पबेरी जाईल."

"जाईल नाही, जातील. त्या पुष्कळ आहेत." काकूंनी एक सुस्कारा टाकला. मग जमलेल्या लोकांकडे वळून त्यांनी खणखणीत इंग्रजीत जाहीर केलं, "अलॉटमेंट असोसिएशनची सेक्रेटरी म्हणून मी या योजनेच्या बाजूने मत देणार आहे. ज्यांना हरकत असेल त्यांनी आधी त्या मैदानातल्या भोकात वाकून बघावं आणि मग माझ्याशी बोलावं."

कुणीही बोलायला आलं नाही. उलट ते सफरचंदवाले म्हातारे गृहस्थ पुढे येऊन म्हणाले, की रास्पबेरीची रोपं हलवायला त्यांच्याकडे जागा आहे.

*

तो सगळा उन्हाळा फियोना हेल्मेट घालून मिल रोडवर होती. मैदानातली पोकळी आधी भरून घेतली आणि शाळेची भिंत तपासून घेतली. मग रस्त्याच्या कडेची डांबराची पट्टी उखडली, उथळ चर खणले, आणि त्यांत लव्हाळी, आयरिस आणि पाणी सोसणारं गवत लावलं. गॅरेजेस पाडून तिथे गोट्यांपर्यंत खोल खड्डा गेला, त्यावर पुन्हा माती, आणि मातीवर बाकं. काकू रोज सकाळी फ्लास्कमधून चहा घेऊन यायच्या आणि मजुरांना, इंजिनियरना आणि वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाला कामाची माहिती द्यायच्या. आश्लेषा अधूनमधून कामाच्या पाहणीला येई, तेव्हा तिला निम्मी माहिती काकूंकडूनच मिळे.

सगळं तयार झालं, आणि पाऊस पडेना. ऑगस्ट कोरडा गेला. लोक आभाळाकडे बघून पैजा लावू लागले.

सप्टेंबरच्या अखेरीस एका रविवारी, काकूंचा वर्ग सुरू असताना, आभाळ काळं झालं. आश्लेषा त्या दिवशी आईवडिलांकडे जेवायला आली होती. पहिला गडगडाट झाला तशी ती ताट तसंच टाकून उठली. "आई, मी आलेच," म्हणत तिने रेनकोट घेतला आणि ती मिल रोडकडे पळत सुटली.

पाऊस कोसळत होता. समोरचं घर दिसेना. रस्त्याच्या वरच्या अंगाने पाणी लोंढ्याने येत होतं, नेहमीसारखंच, गढूळ, पानं आणि कागद घेऊन. ती उतारावर उभी राहिली. लोंढा पहिल्या चरापाशी आला. रस्त्याच्या कडेच्या दगडांमध्ये ठेवलेल्या फटीतून तो आत वळला. लव्हाळी आडवी झाली, मग परत ताठ उभी राहिली. दुसऱ्या चरापाशी लोंढा निम्मा झाला होता. तिसऱ्यापाशी आणखी कमी. चरांतलं पाणी गवतातून पुढे सरकत गल्लीखालच्या पाइपातून अलॉटमेंटकडे निघालं होतं.

फियोना वेलिंग्टन बूट घालून अलॉटमेंटच्या फाटकात आधीच उभी होती, हातात फोन. जमिनीखाली बसवलेला सेन्सर तिला पाण्याची पातळी दाखवत होता.

"चढतंय," ती ओरडली. "अजून चढतंय!"

आश्लेषा तिच्या खांद्यावरून वाकून बघू लागली. आकडा वाढत होता. अर्ध्याच्या वर गेला. पाऊण. पावसाचा जोर तसाच.

आकडा थांबला.

बराच वेळ तो तिथेच राहिला. वर पाऊस धो धो ओतत होता, आणि खाली गोटे तेवढंच पाणी पीत होते. मग आकडा एका अंकाने खाली आला. मग आणखी एका.

"जिरतंय!" आश्लेषा मराठीतच किंचाळली. फियोनाला शब्द कळला नाही, पण बाकी सगळं कळलं. दोघींनी एकमेकींना मिठी मारली आणि त्या पावसात लहान मुलींसारख्या उड्या मारू लागल्या.

मग त्या धावतच खालच्या टोकाला गेल्या. तिथे अख्खा रस्ता जमला होता. कुणी छत्रीत, कुणी तसंच भिजत. फार्मसीच्या दारात दियाने सवयीने गोण्या रचल्या होत्या, आणि त्यांच्यापर्यंत पाण्याचं बोटही पोचलं नव्हतं. रस्त्यावर पाणी होतं ते बुटाच्या तळव्याएवढं. हॉलच्या पायऱ्यांवर मराठीच्या वर्गातली मुलं ओळीने उभी राहून टाळ्या पिटत होती, आणि त्यांच्यामागे काकू, केस विस्कटलेले, चष्म्यावर थेंब.

"आली बघा!" काकूंनी आश्लेषाकडे बोट दाखवलं. "हीच ती! हिनेच शोधलं!"

लोकांनी तिच्याकडे वळून जो गजर केला, तो पावसापेक्षा मोठा होता. आश्लेषा ओशाळली, मागे सरकली, तर कुणीतरी तिला पुढे ढकललं. ओवेनला फोन लावून तिने तो हवेत उंच धरला, त्याला नुसता आवाज ऐकवायला. फियोनाला शाळेतल्या आयांनी घेरलं होतं. सफरचंदवाले गृहस्थ कुणाचाही हात धरून हलवत सुटले होते.

दियाने एक गोणी उचलली, क्षणभर ती हातात तोलली आणि बाजूला भिरकावली. मग दुसरी. मग तिसरी. चार माणसं तिच्या मदतीला आली. दार मोकळं झालं, आत दिवे लागले, आणि पाऊस पूर्ण जोरात असताना तिने दारावरची 'बंद'ची पाटी उलटी केली.